रीफ टँकचं दुधाळ पाणी: गाळण्याआधी गाळ ओळखा

प्रश्न: माझा चार फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या कोरल म्हणजे प्रवाळांचा टँक) आहे. सम्प (टँकला जोडलेली गाळणीची टाकी) धरून पाणी अंदाजे ३०० लिटर. लेदर, मश्रूम आणि झोअँथिड एवढीच कोरल्स, दोन क्लाउनफिश आणि एक रॉयल ग्रामा. दोन महिन्यांपूर्वी तळाची जाड वाळू काढून साखरेसारखी बारीक ॲरागोनाइट वाळू टाकली. सुरुवातीला पाणी पांढरंफेक झालं, मग निवळलं, पण काचेसारखं स्वच्छ काही झालंच नाही. सकाळी साडेआठला मी कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचं टू-पार्ट (दोन बाटल्यांतली द्रावणं), प्रत्येकी ४० मिली, एकापाठोपाठ सम्पमध्ये ओततो. नऊ वाजेपर्यंत पाणी दुधाळ होतं, संध्याकाळी थोडं उतरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सॅलिनिटी (खारटपणा) ३५, कॅल्शियम ४९०, मॅग्नेशियम ११८०, नायट्रेट १०. केएच (अल्कलिनिटीचं माप, डीकेएचमध्ये) गेले कित्येक आठवडे ११.६ च्या आसपास अडकलाय. २०० मायक्रॉनचा सॉक (गाळायची पिशवी) आठवड्याने बदलतो. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) हल्ली खरखरतो. दुकानदार म्हणतो क्लॅरिफायर टाका, आई म्हणते तुरटी फिरव, मित्र अलिबागहून समुद्राचं पाणी आणून द्यायला तयार आहे. मी यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) घ्यायच्या विचारात आहे. काय करू?
— पुण्याचे एक वाचक

उत्तर: नमस्कार. तुम्ही आकड्यांबरोबर वेळाही लिहिल्यात, म्हणून पत्रावरून बरंच नेमकं सांगता येतंय. क्लॅरिफायर, तुरटी, अलिबागचं पाणी आणि यूव्ही, यातलं तूर्त काहीच करू नका. उद्या सकाळचा टू-पार्टचा डोस मात्र बंद करा. दोन्ही बाटल्या बंद.

तुमच्या पाण्यात वाळूची धूळ आहेच. पण दोन महिन्यांनंतरही साडेआठला डोस आणि नऊला दूध असं घड्याळ लावून होत असेल, तर ते दूध डोसातून तयार होतंय. केएचकडे बघा. रोज ४० मिली अल्कलिनिटी घालूनही तो ११.६ वरून हलत नाही, म्हणजे घातलेलं कुठेतरी संपतंय. लेदर, मश्रूम आणि झोअँथिड दगडी सांगाडा बांधत नाहीत, त्यांना कॅल्शियम आणि कार्बोनेट अगदी थोडं लागतं. मग उरलेलं जातं कुठे? तुम्हाला दिसणाऱ्या धुक्यात, आणि वेव्हमेकरच्या रोटरवर. ती खरखर त्याचीच आहे.

मोकळ्या समुद्रात केएच साधारण ७, कॅल्शियम ४१० ते ४२० आणि मॅग्नेशियम १२८० ते १३०० पीपीएम असतं. एवढ्यावरही समुद्राचं पाणी कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्तच (मावेल त्याहून जास्त विरघळलेलं) असतं. तरी समुद्र पांढरा पडत नाही, कारण नव्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम जाऊन बसतं आणि त्याची वाढ खुंटवतं. तुमच्याकडे केएच आणि कॅल्शियम दोन्ही चढे आणि राखणदार मॅग्नेशियम कमी. त्यात अल्कलिनिटीचा भाग सोडियम कार्बोनेटचा असेल तर ओतल्या जागी पीएच क्षणभर फार वर जातो, आणि त्याच पाण्यात लगेच कॅल्शियम क्लोराइड पडतं. पांढरा साका तिथल्या तिथे धरतो.

बारीक वाळूचा खरा दोष इथे येतो. ॲरागोनाइटची धूळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचेच कण. साका धरायला आयता पृष्ठभाग लागतो आणि तरंगणारा प्रत्येक ताजा कण तो पुरवतो. धुळीवर साका बसतो, त्यातून आणखी बारीक कण सुटतात, तेच उद्याच्या डोसाला बीज म्हणून हजर. म्हणून तुमची धूळ दोन महिने संपत नाही. एरवी ॲरागोनाइटच्या कणांवर काही आठवड्यांत जिवाणूंचा पातळ थर चढतो, ते चिकट होतात आणि तळाला बसतात. तुमच्याकडे रोज नवा पांढरा थर चढत असल्याने हे नीट होतच नाही. अशा वेळी नुसता फिल्टर वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आमच्या सांगण्यावर विसंबू नका, घरीच ताडून पाहा. पाणी दुधाळ असताना दोन काचेचे ग्लास प्रत्येकी २०० मिली भरा. एकात १५ मिली पांढरं व्हिनेगर घालून हलवा, दुसरा तसाच ठेवा. दहा मिनिटांनी दोन्ही काळ्या कागदासमोर धरा. व्हिनेगरचा ग्लास निवळला आणि दुसरा धुरकट राहिला, तर कण कार्बोनेटचे आहेत. बुडबुड्यांवरून निष्कर्ष काढू नका. केएच ११ असलेल्या अगदी स्वच्छ पाण्यातही व्हिनेगर घातलं की थोडे बुडबुडे येतातच. बघायचं ते फक्त धुकं गेलं की नाही. दुसरा ग्लास रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाला पांढरी साय बसलेली असेल तर ते वजनदार खनिज कण, आणि ग्लास होता तसाच एकसारखा धुरकट असेल तर जिवाणू.

रात्री आणखी एक पाहणी करा. दिवे बंद, सगळे पंप दहा मिनिटं बंद, आणि बाजूच्या काचेतून टॉर्चचा झोत. कण खाली उतरताना दिसले तर धूळ किंवा साका. वर चढून दोन मिनिटांत संपले तर ते हवेचे बारीक बुडबुडे, त्यांना कोणताही फिल्टर नको. रिटर्नच्या (पाणी टँकमध्ये परत पाठवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यातली पातळी वाढवायची, पंपाच्या शोषण बाजूचा सैल जोड घट्ट करायचा आणि स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) बाहेरच्या तोंडावर स्पंज लावायचा. वेगळा कण दिसतच नाही, झोत नुसता दुधी पट्ट्यासारखा दिसतो, तर जिवाणूंचं धुकं. ते बहुधा कुणी व्होडका किंवा व्हिनेगरचं कार्बन डोसिंग (जिवाणूंना खाद्य म्हणून कार्बन घालणं) घाईने वाढवलं असेल किंवा खडकामागे एखादी गोगलगाय मरून पडली असेल तेव्हा येतं. त्यात रात्री ऑक्सिजन झपाट्याने घटतो, म्हणून पाण्याच्या रंगापेक्षा माशांच्या श्वासावर नजर ठेवायची, स्किमर पूर्ण हवेवर चालवायचा आणि कार्बनचा डोस थांबवायचा. यूव्ही कामाला येतो तो अशा धुक्यात किंवा पाणी हिरवं पडलं तर. तो कण काढत नाही, पाण्यात मोकळे फिरणारे जिवाणू आणि शेवाळाच्या पेशी मारतो. तुमच्या खनिज धुळीवर त्याचा काडीचाही परिणाम होणार नाही, पैसे वाचवा.

दुकानदाराच्या क्लॅरिफायरमध्ये कणांना एकमेकांना चिकटवणारं पॉलिमर असतं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते ठीक चालतं. रीफमध्ये त्याने स्किमर एकतर उतू जातो नाहीतर काही काळ फेसच धरत नाही, आणि तयार झालेले गोळे खडकांच्या भेगांत आणि झोअँथिडच्या तोंडावर बसतात. तुमच्याकडे साका रोज नव्याने होत असल्याने चार दिवसांनी पुन्हा बाटली उघडावी लागेल. तुरटी तर अजिबात नको. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली रीत पिण्याच्या पाण्यासाठी उत्तम आहे, पण तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम, आणि पाण्यात ॲल्युमिनियम वाढलं की लेदर कोरल आखडून बसतात, मश्रूम मिटतात. शिवाय ती अल्कलिनिटी खाते आणि कापसासारखा वेगळाच गाळ सोडते. अलिबागच्या पाण्याचंही तसंच. आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी मुळात गाळाचं, पावसाळ्यात तर खाडीतून आलेल्या गोड्या पाण्याने सॅलिनिटीही घसरलेली. धुकं घालवायला गढूळ पाणी आणण्यात अर्थ नाही.

आता क्रम. पहिल्या दिवशी डोस बंद आणि त्यानंतर रोज एकाच वेळी, समजा रात्री आठला, केएच मोजून वहीत लिहा. तो हळूहळू उतरेल. उतरू द्या, ८ ते ८.५ वर आला की तुमच्या कोरल्सना तो पुष्कळ झाला. पहिल्या दोन-तीन दिवसांत घट जास्त दिसली तर घाबरून पुन्हा बाटली उघडू नका. पाण्यातले तरंगते कण अजून थोडा साका ओढून घेत असतात. कॅल्शियमसाठी काहीच करायचं नाही, आठवड्याच्या पाणीबदलात ते आपोआप ४२०-४३० कडे येतं.

मॅग्नेशियम मात्र वर आणायचं. ११८० वरून १३०० म्हणजे १२० पीपीएमची वाढ, ३०० लिटरला ३६ ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेटमध्ये वजनाच्या १२ टक्के मॅग्नेशियम असतं, म्हणजे तुम्हाला ३०० ग्रॅम लागेल. ते एकदम घालू नका. रोज १०० ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून, जोराच्या प्रवाहात पंधरा-वीस मिनिटं हळूहळू ओतायचं, असे तीन दिवस. रसायन फूड ग्रेड किंवा लॅब ग्रेडचंच घ्या. रस्त्यावरची धूळ दाबायला वापरतात ते औद्योगिक मॅग्नेशियम क्लोराइड स्वस्त मिळतं, पण त्यात काय काय मिसळलेलं असतं याचा भरवसा नाही. तिसऱ्या दिवसानंतर सॅलिनिटी पुन्हा मोजा, ती किंचित चढलेली असेल. तेवढं पाणी काढून आरओचं घातलं की झालं. आणि सुरुवात करण्याआधी एकदा रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रवाने तपासा. तो चुकीचा असेल तर पुढची बेरीज-वजाबाकीही चुकेल.

याच तीन दिवसांत वेव्हमेकर, रिटर्न पंप आणि हिवाळ्यात लावत असाल तर हीटर, एकेक करून बाहेर काढा आणि निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी अशा मिश्रणात तासभर बुडवा. वेव्हमेकरचा रोटर उपसून बघा, चुंबकाभोवती खरखरीत पांढरी पुटं दिसतील. मऊ ब्रशने काढा, साध्या पाण्याने धुवा, मग टँकमध्ये परत लावा. गरम पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेट जास्त धरतं, म्हणून हीटर आणि पंपच आधी पांढरे पडतात. दोन्ही पंप एकाच वेळी काढू नका, पाणी हलतं राहिलं पाहिजे.

गाळण्याची पाळी चौथ्या-पाचव्या दिवशी, आधी नाही. आधी गाळायला बसलात तर रोज सकाळी नवं दूध आणि रोज तुंबलेला फिल्टर.

तुमचा २०० मायक्रॉनचा सॉक या कामाचा नाही. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, शेवाळाचे तुकडे तो धरतो. साक्याचे आणि वाळूच्या धुळीचे कण त्याच्या जाळीतून सहज निघून जातात. सॉक घाण होऊन थोडा तुंबला की बारीक धरायला लागतो हे खरं, पण तोवर पाणी त्याच्या काठावरून वाहायला लागलेलं असतं. तो आठवड्याने बदलता, हेही जास्त होतं. अडकलेलं खाणं तिथेच कुजतं आणि नायट्रेट वाढवतं. दोन-तीन दिवसांनी बदला. चार सॉक घेऊन ठेवले की जमतं. धुताना उलटा करून जोराच्या पाण्याने झोडायचा, महिन्यातून एकदा ब्लीचच्या पाण्यात तासभर, मग भरपूर पाण्याने खळबळून क्लोरीन काढणाऱ्या द्रवात बुडवून उन्हात खडखडीत वाळवायचा. डिटर्जंट कधीच नको, नमद्यात उरलेला साबण स्किमर उतू घालवतो.

बारीक कणांसाठी लागणारी वस्तू तुमच्या कोपऱ्यावरच्या आरओ दुरुस्तीवाल्याकडे मिळते: १० इंची प्री-फिल्टर हाउसिंग आणि त्यात बसणारं पांढरं स्पन कार्ट्रिज. घेताना हाउसिंगची तोंडं बघा. घरगुती आरओच्या हाउसिंगला पाव इंची तोंडं असतात, त्यातून पुरेसं पाणी जात नाही. अर्धा किंवा पाऊण इंची तोंडांचं घ्या. तोंडाच्या आत किंवा नॉझलला पितळ असेल तर परत करा. खाऱ्या पाण्यात पितळातून तांबं सुटतं आणि तांबं कोरल आणि गोगलगायींसाठी विष आहे. नॉझल प्लास्टिकचेच. जुनं, वापरलेलं हाउसिंग कुणी फुकट दिलं तरी नको, कारण आपल्याकडे त्यात सर्रास अँटिस्केलंटचे (क्षार साचू न देणारे) पांढरे गोळे टाकलेले असतात आणि ते फॉस्फेट सोडतात.

पंप साधा बुडवायचा, किमान दोन मीटर हेडचा (म्हणजे तेवढ्या उंचीपर्यंत पाणी चढवणारा). आरओचा बूस्टर पंप यासाठी चालत नाही, त्याचा प्रवाह फारच कमी. पंप सम्पच्या पहिल्या कप्प्यात, जिथे टँकचं पाणी पडतं तिथे. तिथून १६ मिमी नळीने हाउसिंगच्या ‘इन’ला, ‘आउट’ची नळी रिटर्नच्या कप्प्यात. हाउसिंग बाहेर फरशीवर उभं करू नका. सम्पच्या वरच टांगा किंवा आत उभं करा, म्हणजे ओ-रिंग गळली किंवा नळी सुटली तरी पाणी सम्पमध्येच पडेल. पंपाच्या तोंडाला जाड स्पंज लावा, नाहीतर छोट्या गोगलगायी आत ओढल्या जातील.

कार्ट्रिज थेट १ मायक्रॉनचं लावायचा मोह टाळा, ते तासा-दोन तासांत तुंबतं. पहिल्या दिवशी २० मायक्रॉनचं, दुसऱ्या दिवशी ५ चं. धुकं कमी झाल्यावर हवं असेल तर शेवटचे सहा तास १ चं. स्पन कार्ट्रिज शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका. लावण्याआधी मात्र बादलीभर आरओ पाणी त्यातून काढून टाका.

पंप सुरू झाला की बाहेर येणारं पाणी १० लिटरच्या बादलीत भरून वेळ मोजा. एक मिनिटात भरली तर ताशी ६०० लिटर. बादली भरायला दोन मिनिटं लागायला लागली की कार्ट्रिज बदलायची वेळ झाली. खोक्यावर लिहिलेला पंपाचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कार्ट्रिज आणि नळी मिळून तो बराच खाली आणतात.

हा आकडा माहीत असला की एक महत्त्वाची गोष्ट कळते. गाळलेलं पाणी पुन्हा न गाळलेल्यात मिसळत राहतं, म्हणून ३०० लिटर एकदा फिरलं की सगळं गाळलं गेलं असं होत नाही. एका फेरीत सुमारे ६३ टक्के कण जातात, तीन फेऱ्यांत ९५ टक्के, पाच फेऱ्यांत ९९ टक्क्यांच्या वर, आणि तेही कार्ट्रिजने समोर आलेला प्रत्येक कण धरला तर. ताशी ६०० लिटरने पाच फेऱ्यांना अडीच तास लागतात. प्रत्यक्षात खडकांवरून आणि वाळूतून कण सुटत राहतात, म्हणून एक दिवस धरा. २४ तास ५ मायक्रॉन चालवूनही पाणी तसंच धुरकट असेल तर फिल्टरला दोष देऊ नका. एकतर कण ५ मायक्रॉनपेक्षा बारीक आहेत किंवा ते अजून कुठून तरी तयार होताहेत. पुन्हा ग्लास आणि व्हिनेगरची चाचणी करा.

गाळणी चालू असताना बसलेला गाळही उठवा, नाहीतर तो पुढच्या आठवड्यात स्वतःहून उठेल. १०० मिलीच्या मोठ्या सिरिंजने खडकांच्या भेगांत पाण्याचे झोत मारा, आधी मागची बाजू, मग पुढची. एका वेळी टँकचा एक तृतीयांश भाग पुरे. लेदरवर पांढरी पावडर बसलेली असेल तर हातभर अंतरावरून हळू फुंकर घालावी तसा झोत द्या. जवळून जोरात मारलात तर तो दोन दिवस मिटून बसेल. लेदर मेणचट पापुद्रा टाकत असेल तर त्याला तसंच राहू द्या, अंगावरची घाण काढायची ती त्याचीच पद्धत आहे. वाळूच्या बाबतीत १२ मिमी नळीने पाणीबदलाचं ३० लिटर पाणी काढताना नळीचं तोंड वाळूच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरून फिरवा. धूळ ओढली जाते, वाळू राहते. वाळूत नळी खुपसू नका, साखरेसारखी वाळू पाण्याबरोबर सरळ बादलीत येते. वेव्हमेकरचं तोंड तळाकडे असेल तर वर, पृष्ठभागाकडे वळवा. वाळूत खड्डा पडत असेल तर तिथलाच प्रवाह धूळ उडवतोय.

डायटम पावडरच्या फिल्टरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणी ना कुणी सुचवेलच. तो १ मायक्रॉनच्या आसपासचे कण धरतो, निकाल झटपट आणि देखणा असतो. अडचण अशी की पावडरचा थर फक्त प्रवाहाच्या दाबाने टिकतो. वीज दोन मिनिटं गेली की थर गळून पडतो, आणि वीज येताच ती पावडर थेट टँकमध्ये. इन्व्हर्टर नसलेल्या घरात आम्ही तो सुचवत नाही. वापरलाच तर कोरडी पावडर हाताळताना तोंडाला मास्क हवा, ती फुप्फुसांना घातक असते. ॲक्टिव्हेटेड कार्बन पाण्याचा पिवळेपणा घालवतो, तुमच्या पांढऱ्या धुक्यावर त्याचं काम नाही.

पाणी स्वच्छ झालं की त्याच दिवशी हाउसिंग काढा. हे सतत चालवायचं यंत्र नव्हे. कार्ट्रिजमध्ये अडकलेली घाण दोन-तीन दिवसांत सडू लागते, आणि त्याच जाळीत तुमच्या टँकमधले कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), त्यांची पिल्लं, झोअँथिडच्या तोंडी जाणारे बारीक जीवही अडकतात. रीफचं पाणी दिसायला निर्मळ असलं तरी त्यात सतत काहीतरी खाण्याजोगं तरंगत असतं आणि कोरल त्यावर जगतात. महिन्यातून एकदा, खडक फुंकल्यानंतर पाच-सहा तास, एवढं पुरे.

पुढे डोसिंगचं काय? केएच ८.५ वर स्थिरावला की दोन आठवडे काहीही न घालता बघा. आठवड्याला १० टक्के पाणीबदल होत असेल तर बहुतेक मऊ कोरलच्या टँकला तेवढं भागतं. केएच ८ च्या खाली जायला लागला तर फक्त अल्कलिनिटी द्या. शुद्ध खायचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, ९ ग्रॅम म्हणजे ३०० लिटरला १ डीकेएच. एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका, म्हणजे साडेचार ग्रॅम अर्ध्या लिटर आरओ पाण्यात विरघळवून सावकाश. खायच्या सोड्याने सोडियम कार्बोनेटसारखा पीएच उसळत नाही, म्हणून तुमच्यासाठी तोच बरा. कधी काळी कॅल्शियमचीही गरज पडली तर दोन्हींमध्ये किमान अर्धा तास ठेवा आणि ओतायच्या जागा वेगळ्या ठेवा. बाटलीवर लिहिलेला डोस झपाट्याने वाढणाऱ्या दगडी कोरलच्या हिशेबाने असतो, तुमच्याकडे ती नाहीत. (भारतात प्रवाळभित्ती बांधणारी सगळी दगडी कोरल्स १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कुणी ‘लोकल’ म्हणून विकायला आणली तर हातही लावू नका.)

पाणी स्वच्छ झालं त्या संध्याकाळी एक काम विसरू नका. दोन महिने तुमची कोरल्स धुक्याआडून येणाऱ्या उजेडात राहिली आहेत. कण गेले की तेवढ्याच दिव्याखाली त्यांच्यावर पडणारा प्रकाश एकदम वाढतो. मश्रूम आक्रसून फिकट पडू लागतात आणि लोक त्याचा दोष फिल्टरला देतात. एलईडीची तीव्रता आहे त्याच्या पाऊण पटीवर आणा आणि दर तीन-चार दिवसांनी पाच-सहा टक्के वाढवत दोन आठवड्यांत पूर्वपदावर न्या. मश्रूम दिवसा पूर्ण पसरलेले राहिले तरच पुढची पायरी चढवा, नाहीतर आहे तिथेच आणखी चार दिवस थांबा.